वीराचा चेहरा

दात बनवणं हा माझा धंदा आणि सैनिक बनवणं हे माझं वेड. सोलापुरातल्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांवर मी मेण चढवतो, धातू ओततो, चिनी मातीचे थर देतो आणि कुणाच्या तरी तोंडात वर्षानुवर्षं राहणारा दात तयार करून परत पाठवतो. ज्याच्या तोंडात तो बसतो त्याला माझं नावही ठाऊक नसतं, आणि ते बरंच आहे, कारण दात दुखायला लागला की माणूस दिसेल त्याला शिव्या घालतो. संध्याकाळी तेच ब्रश, तीच भिंगं आणि तीच भट्टी घेऊन मी बोटाएवढे शिपाई घडवतो: पेशव्यांचे गारदी, निजामाचे अरब, सोलापूरच्या भुईकोटाला वेढा घालणारे लाल डगलेवाले. डगल्याच्या कॉलरचा रंग चुकला किंवा पट्टा भलत्या खांद्यावरून गेला, तर मला अन्न गोड लागत नाही. माझी बायको रुपाली त्यांना एकदा बाहुल्या म्हणाली होती, तेव्हा मी दिवसभर तिच्याशी बोललो नव्हतो.

माझा धाकटा भाऊ बिरुदेव मात्र माझ्या या फौजेची मनापासून टिंगल करायचा. कामावरून आला की कपाटाच्या काचेला नाक लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "दादा, तुज्या फौजेनं अजून एक किल्ला बी घेतला न्हाय की." तो एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, होता. केसांत कायम कापसाचे तंतू, आवाज मागांच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचा. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याची फी, त्याची पहिली सायकल, त्याचा मोडलेला हात, सगळं माझ्या अंगावरून गेलं. माझा जीव आहे त्याच्यावर, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

यंदा त्याचं लग्न ठरलं. मुलगी मंगळवेढ्याची, राजनंदिनी, डी.एड. झालेली, वडील येडूमामा, काळ्या रानात ज्वारी पिकवणारे आणि अजूनही मेंढरं राखणारे. आम्हीही मूळचे तिकडचेच धनगर, त्यामुळे बोलणी पटकन झाली. गड्ड्याची जत्रा संपली, सुपारी फोडायला पाहुणे रविवारी येणार असं ठरलं आणि बिरुदेवाच्या कानाला जो फोन चिकटला तो निघेना. गच्चीवर, जिन्यात, माझ्या कामाच्या खोलीच्या खिडकीशी, जिथं पाहावं तिथं हा हसत उभा.

शुभकार्याआधी आमच्यात देव उजळतात. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेल्या छोट्या प्रतिमा: बिरोबा, खंडोबा, आई. त्यांच्या शेजारी वीर बसतो. घरातला जो पुरुष लढाईत किंवा अवेळी, लग्नाविना जातो, त्याचा टाक करून त्याला देवांच्या ओळीत बसवतात. त्याला वेगळा नैवेद्य, वेगळा मान. आमचा वीर होळकरांच्या फौजेतून उत्तरेत गेला आणि परत आला नाही, एवढंच आईला माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्याचा टाक इतका झिजला होता की घोड्याचे पाय आणि माणसाचं पागोटं तेवढं ओळखू यायचं, आणि यंदा उजळायला काढला तर तो मधोमध चिरलाच. सोनार म्हणाला, नवा करावा लागेल. मी म्हणालो, सोनार कशाला, मी करतो की.

आई देव्हाऱ्यापाशी चिंध्या आणि चिंच घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सिदू, ते तुज्या बावल्यांसारकं करू नगं. वीराला तोंड नसतं रं. नुसतं डोळं असत्यात."

"तोंड नसतं कारण सोनाराला ते जमत नाही," मी म्हणालो. टाकांवरचे ते दोन ठिपक्यांचे डोळे लहानपणापासून मला खुपत आले होते. आपला एवढा पूर्वज, आणि त्याला बटणासारखे डोळे! लेकाच्या हातात कला आहे म्हणून आईलाही बरं वाटलं असावं. एकच अट घातली, जुन्या टाकाची चांदी नव्यात गेली पाहिजे.

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. मेंढरं विकून घोडं घेतलं होतं, असं आईनं ऐकलेलं; म्हणजे घोडा स्वतःचा, म्हणजे हा साधा बारगीर नव्हे, शिलेदार. मग त्याला घट्ट चोळणा दिला, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, कमरेला शेला, पाठीला कासवाच्या पाठीची ढाल, हातात लांब भाला, पागोट्याला किंचित उतार. खोगिराच्या गाद्याही मी त्या काळातल्याच बेताच्या केल्या. दातांच्या भट्टीत चांदी वितळवली, साच्यात ओतली, घासली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शिपायाच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबलो. एरवी माझ्या शिपायांचे चेहरे कुणाचेच नसतात. मिशा, गालावर सावली, संपलं. पण हा आमच्या रक्ताचा. खिडकीत बिरुदेव फोनवर बोलत उभा होता, दुपारचं ऊन त्याच्या गालावर आडवं पडलेलं, नंदिनी काहीतरी म्हणाली असावी आणि तो ओठ दाबून हसत होता. दुसरा चेहरा शोधायची गरजच नव्हती. मी भिंगातून पाहत त्याला बारीक ब्रशनं, रंगात, तिथल्या तिथे उतरवला, ते दाबलेलं हसू सुद्धा.

वीर मी आईच्या हातात दिला. ताम्हनात उभा करून तिनं त्याला दुधानं, मग पाण्यानं न्हाऊ घातलं, भंडारा लावला, देवांच्या ओळीत बसवलं आणि पदर तोंडाला लावला. रुपालीनं कुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. शेजारच्या काशम्मा आल्या, त्यांनीही टेकलं आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. कारागिराला यापेक्षा मोठी शाबासकी कोणती, असं मला त्या दिवशी वाटलं. बिरुदेव तेवढा देव्हाऱ्यात डोकावून मोठ्यानं म्हणाला, "आयला, मलाच घोड्यावर बसवलंस व्हय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं वीरापुढं नैवेद्य ठेवला. भाकरी, लोणी, शेंगाचटणी आणि कढईत करपवलेल्या लसणाच्या पाकळ्या. करपलेला लसूण घरात एकटा बिरुदेव खातो; आम्हाला बाकीच्यांना तो वासही सोसत नाही. मी गमतीनं म्हणालो, वीराची आवड तुला कशी कळली? आईनं भाकरीवर लोण्याचा आणखी एक गोळा ठेवला. आम्ही जेवायला बसलो तर बिरुदेवापुढं ताट नव्हतं.

"आये, मी उपाशी जाऊ व्हय कामाला?" तो नेहमीसारखा ओरडला.

आईनं दाराकडे पाहिलं. "रुपे, भाईर कुणी हाक मारली का बग गं."

आम्ही दोघे भाऊ खो-खो हसलो. आईचं वय झालं, लग्नाची धांदल, असं समजून मी माझ्या ताटातली भाकरी त्याला दिली. रुपाली हसली नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिनं मला आणखी एक भाकरी वाढली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "नीट जेवा की. किती दिवस असं अर्धवट जेवणार?"

त्यानंतरच्या दिवसांत ते वाढत गेलं. चहा आला की कप कमी असायचा. बिरुदेव बोलायला लागला की आई मध्येच दुसरं काहीतरी बोलायची, मुद्दाम तोडल्यासारखं नव्हे, तर खोलीत शांतता आहे असं समजून. बिरुदेवही आता हसेनासा झाला. मी रागावलो, ओरडलो, ही कसली थट्टा म्हणून विचारलं, तर सासू-सुना एकमेकींकडे पाहायच्या आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवायच्या.

मग एका दुपारी दारात भांडीवाली बसली होती, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, आणि रुपाली तिच्यापुढं कपड्यांचा ढीग लावत होती. त्यात बिरुदेवाच्या निळ्या पँटी होत्या, कारखान्याचे शर्ट होते, दिवाळीला मी घेतलेलं जाकीट होतं. जाकीट तिच्या हातातून ओढून मी विचारलं, "हे काय चाललंय?"

ती उठली, मला बाजूला घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. "मला आवडतंय का हे? पण भावजींचे कपडे किती दिवस धरून बसायचे? तुमच्या आई त्यातच तोंड घालून रडतात."

भावजी तिच्यामागं जिन्याच्या पायरीवर बसले होते. अंगावर बनियन, खाली टॉवेल, घालायला शर्ट सापडेना म्हणून बसलेले. बिरुदेवानं सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बोट दाखवून किंचाळलो, "हा कोण आहे मग?" रुपालीनं त्या पायरीकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या तोंडावर माझ्याबद्दलची खरी माया होती.

मी बिरुदेवाचं मनगट धरून त्याला ओढतच आईपुढं नेलं. त्याचं मनगट गरम होतं, नाडी उडत होती, हे मी शपथेवर सांगतो. आई तांदूळ निवडत होती. मी त्याचा हात तिच्या हातावर ठेवला. म्हणालो, "आई, बघ. बिरू आहे. तुझा बिरू."

आईनं सूप खाली ठेवलं. तो हात तिनं झटकला नाही, धरलाही नाही. त्या हाताखालून आपला हात हळूच काढून घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "तुला लई लागलंय, सिदू," ती म्हणाली. "पर माजाबी ल्योकच हुता की."

बिरुदेव लहान मुलासारखा तिच्या पुढ्यात बसून राहिला. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

बाहेरच्या जगात तरी सगळं जागेवर असेल अशी माझी आशा होती. ती हुबळीच्या संगमेश यांनी मोडली. ते माझ्यासारखेच शिपायांचे शौकीन. आम्ही कधी भेटलो नाही, फक्त एकमेकांना फोटो पाठवतो. वीर तयार झाला त्या दिवशी मी त्यांनाही हौसेनं फोटो पाठवला होता, खाली फक्त 'होळकरांचा शिलेदार' एवढं लिहून. त्यांचं उत्तर आलं ते असं: अंगरख्याच्या चुण्या अप्रतिम आहेत, फोटोला मी हात जोडले, आणि धाकट्या भावाची आठवण तुम्ही फार सुंदर जपलीत, देव तुमच्या आईला बळ देवो. मला भाऊ आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मी फोन पालथा घातला.

त्याच दिवशी बिरुदेव कारखान्यातून भर दुपारी परत आला. "माज्या मागावर दुसरा उबा केलाय, दादा," तो म्हणाला. आता तो हळू बोलायला लागला होता. "मी शेजारी जाऊन उबा ऱ्हायलो. त्यानं मान बी वळवली न्हाय. कँटीनमदी माजा फोटू लावलाय. हार घातलाय. जाता-येता समदी हात जोडत्यात."

मी उठलो, थिनरची बाटली आणि कापूस घेतला आणि देव्हाऱ्यापाशी गेलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या हातांनी केलेला चेहरा माझ्या हातांनीच पुसायचा, त्यात अवघड ते काय? पण कापूस वीराच्या तोंडापाशी नेला आणि बिरुदेवानं मागून माझा हात घट्ट धरला.

"पुसू नगं," तो म्हणाला. "दादा, हितं तरी आई मला जेवाय घालती. त्ये बी पुसलंस तर मी कुटं जाऊ?"

मला रडू कोसळलं. त्यानंच मग मला समजावलं, माझ्या हातातून बाटली काढून बूच लावलं. म्हणाला, नंदिनीचा फोन रोज येतोय, ती त्याच्याशी बोलतेय, भांडतेय, शालूचा रंग विचारतेय. तिच्या घरी अजून सगळं ठीक आहे. रविवारी तिचे वडील येतील, चारचौघांत त्याच्या कपाळाला कुंकू लावतील, मग आईला दिसेल, सगळ्यांना दिसेल. "तू फकस्त माज्याजवळ उबा ऱ्हा. कुणी काय बी म्हटलं तरी तू सांग, ह्यो हितं हाय म्हणून. तू सांगितलंस की झालं."

"सांगतो," मी म्हणालो. "गळा फाडून सांगतो." त्या क्षणी मला दुसरं काहीच नको होतं, या पोराचं लग्न व्हावं, त्याला त्याच्या माणसांनी हाक मारावी, बस्स.

रविवारी सकाळी मी त्याला माझा नवा शर्ट दिला. इस्त्री मीच केली. घरात पाहुण्यांची तयारी काहीच नव्हती. आईनं सतरंजी तेवढी अंथरली होती. अकराच्या सुमाराला गाडी वाजली आणि येडूमामा आले, डोक्याला पिवळाधमक फेटा, हातात पेढ्यांचा मोठा खोका, मागं त्यांचे दोन भाऊ. जिन्यातूनच त्यांचा आवाज आला, "नवरदेव कुटं हाय आमचा?"

बिरुदेव पुढं झाला, वाकून पाया पडला, आणि येडूमामांनी त्याच्या पाठीवर असा दणका घातला की तो खोकलाच. "वाळलायस की रं! पोरगी झोपू देत न्हाय जनू फोनवर!" भाऊ हसले, मी हसलो, बिरुदेव हसता हसता डोळे पुसायला लागला. इतक्या दिवसांनी त्याच्या पाठीवर आवाज करणारा हात पडला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई आणि रुपाली तिथं उभ्या होत्या, दोघींच्या चेहऱ्यांवर गोंधळ होता, आणि मला वाटलं, मिटलं, आता मिटलं सगळं.

"पाव्हणं," आई म्हणाली, "आदी देवाला हात जोडा की."

कुणाच्याही घरी गेलं की आमच्यात पहिल्यांदा हेच करतात. त्यात मोडता घालायचं मला सुचलंसुद्धा नाही. येडूमामांनी खोका खाली ठेवला, चपला काढल्या, देव्हाऱ्यापुढं गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. ते उठायला उशीर करताहेत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्यांच्याजवळ धावलो. ते वर पाहत होते. भंडाऱ्यानं पिवळा झालेला वीर घोड्यावर बसून ओठ दाबून हसत होता. येडूमामांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि मांडीवर घेतला.

"कवा झालं ह्ये?" ते म्हणाले. "आमाला कळवायचं तरी हुतं. पोरीला मी आता काय तोंड दावू?"

त्यांच्या भावांनी एकमेकांकडे पाहिलं, पुढं येऊन डोकी टेकली आणि आपापल्या टोप्या काढल्या. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि आक्रोश करू लागली. खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते, आता थोरल्या भावानंच बोलायचं असतं म्हणून. बिरुदेवही पाहत होता. देव्हाऱ्याच्या पलीकडे, माझ्या हातभर अंतरावर, इस्त्रीच्या शर्टात, तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, त्या दिवसापासून घोकलेलं. माझे हात वीरासमोर कधी जोडले गेले ते मला कळलं नाही. मी तोंड उघडलं.

"हो, मामा," मी म्हणालो. "फार अचानक झालं. कुणाला कळवायचं सुचलंच नाही."

ते माझ्याच तोंडून आलं होतं. माझाच आवाज, दुखवट्याला बसलेल्या माणसाचा, शांत. मी हादरून बिरुदेवाकडे पाहिलं. तो रागावला नव्हता. त्यानं एकदा मान हलवली, शर्टाची वरची गुंडी नीट लावली, सतरंजीच्या कडेला थोडी जागा करून घेतली, आणि खाली मान घालून आमच्यात बसला.